चार बोटं मागे

नापासरावांना तोंडावर कुणी नापासराव म्हणत नसे, कारण म्हणणाऱ्यालाही कधी ना कधी लायसन्स काढायचं असे. परवाना कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. चालकाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर पॅड ठेवायचं आणि माणसं नापास करायची. आरसा बघितला नाही, नापास. वळताना इशारा दिला नाही, नापास. इशारा दिला पण उशिरा दिला, तर नापास आणि वर पाच मिनिटांचं भाषण. लाच घेत नाहीत म्हणून लोक त्यांना मान देत, आणि लाचसुद्धा घेत नाहीत म्हणून शिव्याही देत. जवळच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी दोनदा नापास केलं होतं. पुढे अक्कलदाढ काढायला त्यांच्याच खुर्चीत आडवं व्हावं लागलं, तेव्हा बाईंनी भूल चढायच्या आधीच पक्कड उचलली, असं नापासराव अजून सांगतात. बाईंचं म्हणणं, भूल पूर्ण चढली होती, माणूसच रडका आहे.

असा माणूस निवृत्त झाला की त्याची झळ घरच्यांना लागते. घरात होत्या फक्त त्यांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, आपणही वहिनीच म्हणू. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चालतं. सोफ्याची कव्हरं, पडदे, शाळेचे गणवेश, मिळेल ते. नापासरावांनी पहिल्याच आठवड्यात मशीनपासून दारापर्यंत खडूने पट्टा आखला आणि गिऱ्हाइकांनी डाव्या बाजूने यावं असं सुचवलं. आठव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "अहो, काहीतरी छंद धरा. नाहीतर एक दिवस मलाच चारजणांनी धरून ठेवावं लागेल."

छंद सापडला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. जुन्या टायरांच्या ढिगावर हातभर लांबीची एक गाडी रिमोटवर चढत होती. पळत नव्हती, उड्या मारत नव्हती. एक चाक टायरच्या कडेला लावायची, विचार केल्यासारखी थांबायची, मग दुसरं चाक वर घ्यायची.

"क्रॉलर म्हणतात हिला," पंक्चरवाला म्हणाला. "हिला वेग नाही, साहेब. ही फक्त चढते."

नापासराव तिथल्या तिथे विरघळले. वेगमर्यादा मोडूच न शकणारी गाडी! शिवाय आयुष्यभर बाजूला बसून दुसऱ्याची गाडी चालवली होती, आता बाजूला बसायचीसुद्धा गरज उरली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्याही छंदात नसेल.

तयार गाडी त्यांनी घेतली नाही. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा त्यांचा स्वभावच नव्हता. गाडी घरी बनणार होती, आणि तीही ऐरीगैरी नाही. ज्या सरकारी जीपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं परीक्षा घेतल्या, तीच जीप, बरोबर एक दशांश मापाची. जुने फोटो काढले, भिंगाखाली धरून मापं घेतली. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून सांगाडा जुळवला. मोटर, गिअर आणि मऊ रबराची चाकं मागवली. पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची शीट कापून, तापवून, घासून बोनेट आणि दारं केली. शॉकअॅब्सॉर्बरमध्ये तेल भरताना एक थेंब वहिनींनी शिवून ठेवलेल्या पांढऱ्या पडद्यावर उडाला. त्यानंतर नापासरावांचा कारखाना गच्चीच्या जिन्याखाली हलला.

इंडिकेटर मात्र खरे. रिमोटवर त्यांचं वेगळं बटण. बाजारात वळलं की आपोआप लागणारे इंडिकेटर मिळतात, असं पंक्चरवाल्याने सुचवलं, तर नापासराव त्याच्याकडे असे बघत राहिले की तो बिचारा उगाच ट्यूब बुडवायला लागला. आपोआप इशारा म्हणजे कॉपी करून पास होणं!

सीटांची कव्हरं आणि कापडी छप्पर शिवायचं काम वहिनींकडे आलं. बोटभर सीटा, त्यांना खाकी रेक्झीन. वहिनींनी चष्मा वर सरकवला आणि कामाला लागल्या. तिसऱ्या दिवशी कव्हरं तयार. चालकाच्या सीटला डाव्या कोपऱ्यात आडवा टाका.

"हा टाका कशाला?" नापासरावांनी विचारलं.

"तिथे फाटलेलं होतं."

"तुला काय माहीत?"

"बसले होते ना मी त्या सीटवर," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी जीप उचलून दिव्याखाली धरली. आत डोकावल्या. स्टिअरिंग होतं, गिअरचा दांडा होता, तीन पेडलं होती, आरशावर लटकणारं लिंबाएवढं फडकंही होतं. "अहो, हँडब्रेक कुठेय?"

"इतकं बारीक कोण बघतं?"

"मी बघते की."

नापासरावांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. ती धरायची त्यांना बावीस वर्षांची सवय होती, आणि आता ती गोष्ट सांगायलाच हवी.

बावीस वर्षांपूर्वी वहिनींनी गाडी चालवायचं मनावर घेतलं होतं. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे दुकानादुकानात पोचवायला एक जुनी छोटी गाडी बघूनही ठेवली होती. नियमाप्रमाणे घरच्या माणसाची परीक्षा दुसऱ्या अधिकाऱ्याने घ्यायची असते. पण बायकोला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून नापासरावांनी खास परवानगी काढून ती स्वतः घेतली. वहिनींनी सगळं नीट केलं. शेवटी चढावर थांबून हँडब्रेक ओढला, आणि जीप मागे सरकली. चार बोटं. वहिनी म्हणाल्या, "ब्रेक धरत नाही हो हा." रांगेत उभ्या असलेल्या तीस जणांसमोर नापासराव म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." तीस जण हसले. वहिनी नापास.

दुसऱ्या दिवशी जीप गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हँडब्रेकची केबल पार ढिली झालीय. कुणी ओढला तरी धरणार नाही." नापासरावांनी केबल बदलून घेतली. त्या आठवड्यात चढावर नापास केलेल्या बाकी दोघांना पत्र पाठवून परत बोलावलं. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायची वेळ टळून गेली. वहिनी पुन्हा परीक्षेला बसल्याच नाहीत. कुणी विचारलं तर म्हणत, "मला चढावर जमत नाही." स्वयंपाक येत नाही म्हणावं तितक्या सहज म्हणत. मग बावीस वर्षं त्या स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसल्या, मांडीवर गठ्ठा घेऊन. आणि नापासराव दर वळणावर इशारा कसा द्यावा हे त्यांना मान मागे वळवून सांगत राहिले. नियमात तेही बसत नाही.

हँडब्रेकचा दांडा अखेर बनला, वहिनींच्या मशीनच्या मोडक्या सुईचा. तो नुसता शोभेचा. खरा ब्रेक होता स्पीड कंट्रोलरमध्ये, रिमोटचा घोडा सोडला की चाकं जागच्या जागी धरणारा. पंक्चरवाल्याने बजावलं, "तो पूर्ण कडक ठेवा, साहेब." पण कडक ब्रेकने गाडीला झटका बसत होता, आणि झटक्याला नापासरावांच्या पॅडवर दोन गुण वजा होते. त्यांनी ब्रेक निम्म्यावर ठेवला. गाडी मग लोण्यासारखी थांबायला लागली.

दुपारी ते झोपले की वहिनी छप्पर नीट बसलंय का बघायला जीप चालवून बघत. छप्पर पहिल्याच दिवशी नीट बसलं होतं. पण कापडाचे तागे, उशा, इस्त्रीचं टेबल यांवरून जीप चढवताना वेळ कसा जाई कळत नसे. मशीनच्या पेडलवर पायाचा अंगठा ठेवून एकेक टाका घालणाऱ्या बाईला गिअरच्या एकेका दात्याने गाडी सरकवणं काय अवघड? जे पायात होतं ते बोटात आलं. नापासराव उठायच्या आत जीप कपाटावर परत.

क्रॉलरवाल्यांची स्पर्धा बंद पडलेल्या दगडखाणीत होती. दोन दोन काठ्या रोवून आठ फाटकं केलेली. सात मिनिटांत सगळ्यांतून पार व्हायचं, काठीला लागलं की दंड, फाटक ओलांडून परत मागे आलं की मोठा दंड. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या. पंच होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. जमलेल्या पंचवीस जणांपैकी निदान चौदा जण कधी ना कधी नापासरावांच्या पॅडवर चढलेले होते. त्यांना रांगेत उभं बघून एकेकाच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मुलाच्या लग्नातही आली नसेल.

पहिली फेरी नापासरावांची. फाटक आलं की ते जीप थांबवत. इंडिकेटर लावत. तीन वेळा लुकलुकू देत. मग वळत. तिसऱ्या फाटकापाशी पंक्चरवाला ओरडला, "साहेब, मागून कुणी येत नाहीये!"

"मागून कुणी येत नाही असं समजणारेच मरतात," नापासराव म्हणाले. चौथ्या फाटकाला इंडिकेटर लुकलुकत असताना सात मिनिटं संपली. डॉक्टरीणबाईंनी शिट्टी मोठ्या प्रेमाने वाजवली.

"नापास!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि खाण हसली.

वहिनी थर्मास घेऊन बाजूच्या दगडावर बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि हात पुढे केला. "दुसरी फेरी मी करते. द्या इकडे."

नापासरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लायसन्स?"

आता मात्र कुणी हसलं नाही. वहिनींनी नुसतं बघितलं आणि रिमोट काढून घेतला.

जीप निघाली. थांबणं नाही, घाई नाही. पहिलं फाटक, दुसरं, तिसरं. तिरक्या दगडावर एक चाक हवेत गेलं, तेव्हा वहिनींनी दाताने दोरा तोडताना धरतात तसा श्वास धरला, जीप बोटभर मागे घेऊन पुन्हा लावली आणि पार. सातव्या फाटकापर्यंत एकही काठी हलली नाही. टिंगल करायला आलेले लोक जवळ सरकले. आठवं फाटक उभ्या चढावर होतं. पुढची चाकं काठ्यांपलीकडे गेली. पुढच्या खाचेचा अंदाज घ्यायला वहिनींनी बोट बरोबर वेळी सोडलं.

आणि जीप मागे सरकली. चाकं फाटकाच्या अलीकडे आली.

डॉक्टरीणबाई तेव्हा हातातलं घड्याळ बघत होत्या. "मागे आली का?" त्यांनी विचारलं. "मला दिसलं नाही. कुणी पाहिलं?"

पाहिलं असतं तरी कोण बोलणार? सगळी खाण नापासरावांकडे बघू लागली. वहिनींनी मात्र बघितलं नाही. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ओठांवर तेच वाक्य आलं होतं. "मला चढावर..."

"आली," नापासराव म्हणाले. "चार बोटं."

"अरे काय माणूस आहे!" पंक्चरवाला कळवळला. "स्वतःच्या बायकोला तरी सोडा की, साहेब!"

"दंड लिहा," नापासराव म्हणाले. "पण माझ्या नावावर लिहा. हिने बोट बरोबर सोडलं. ब्रेक मी निम्म्यावर ठेवलाय, धरणार कसा तो?" मग ते वहिनींकडे वळले. "अंगण वाकडं होतं. तेव्हासुद्धा अंगणच वाकडं होतं. केबल ढिली होती. मला दुसऱ्याच दिवशी कळलं, आणि मी बोललो नाही. तुला चढावर जमतं. पहिल्यापासून जमतं."

लोकांना काही कळलं नाही. अंगण कुठलं, केबल कसली? वहिनींना सगळं कळलं. त्यांची मान गाडीवरून हलली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"वेळ चाललाय," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा."

ब्रेक धरणार नाही हे आता माहीत होतं, म्हणून त्यांनी बोट सोडलंच नाही. जीप चढावर तोलून धरली, केसभर पुढे, केसभर पुढे, आणि वर नेऊन ठेवली. अकरा सेकंद शिल्लक होते. दंड धरून पाचवा नंबर आला, दंड नसता तर दुसरा होता. त्या दंडामुळे पंक्चरवाला चौथा आला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा नापासरावांचे पाय धरले.

माणसं पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "बावीस वर्षं."

"हो."

"बावीस वर्षं मी गठ्ठे मांडीवर घेऊन तुमच्या मागे बसले. मला येत नाही असं समजून. मला!" त्या चिडल्या होत्या, डोळे भरले होते आणि त्यातलं काहीच त्या लपवत नव्हत्या. "त्या बाकीच्या दोघांना पत्र पाठवलंत ना?"

नापासरावांनी मान खाली घातली. हे तिला कुणी सांगितलं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"दोन पत्रं टाकायला मला दिली होतीत, चढावर माझ्यासारख्याच नापास झालेल्या दोघांच्या नावाची," वहिनी म्हणाल्या. "कसली ते माहीत नव्हतं. आज कळलं."

नापासरावांनी हत्यारांची पिशवी उचलली, परत ठेवली. शेवटी म्हणाले, "तू पास आहेस."

"तुमच्या सहीला आता कोण विचारतंय? उद्या फॉर्म आणते. परीक्षा घ्यायला दुसरा माणूस असेल ना तिथे?"

"आहे. कडक आहे."

"असू दे. गाडीची केबल तेवढी तपासायला सांगा."

घरी त्या चालतच निघाल्या, जीप पुढे आणि रिमोट हातात. थर्मास, बॅटऱ्यांची पेटी, हत्यारांची पिशवी आणि चटईची गुंडाळी घेऊन नापासराव मागून चालत होते. कोपऱ्यावर पंक्चरच्या दुकानापाशी जीप डावीकडे वळली. इंडिकेटर लागला नाही. नापासरावांनी ते पाहिलं, तोंड उघडलं, आणि गठ्ठा सावरत मुकाट्याने वळले.