मातीत झोपलेला रोग

इंग्रजी अमदानीत आमच्या कामठ्याला येणारे ढोरांचे डॉक्टर माणसांआधी बैलांची विचारपूस करत. फाशी रोगाने मेलेली गुरं जिथे पूर्वी पुरली होती, तिथे ते कोणाला चारू देत नसत.

ते म्हणत, "रोगाचं बी मातीत झोपून राहते. गवतासंगं बैलाच्या उबदार पोटात गेलं का जागं होते."

शेजारचे काका हसले, "इतक्या वर्साचा मेला रोग कायले उठन?" त्यांनी तिथेच बैल चारला. काही दिवसांत तो तडफडून मेला.

डॉक्टरांनी त्याचं कातडं काढू दिलं नाही. गावकरी हात लावायला भ्याले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः फावडं घेऊन खोल खड्डा खणला आणि चुना टाकून बैल पुरला. 'सांगितलं होतं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. रडणाऱ्या काकांना एवढंच म्हणाले, "तुमच्या दुसऱ्या बैलाले सुई टोचून देतो. थो वाचन."

तो वाचला.