न ऐकू आलेली झांज

चौसाळ्याच्या बद्रीनाथनं उभी हयात लग्नवरातीत साउंडचे बॉक्स वाजवले, पण त्याचा जीव जुन्या इंग्रजी रॉकवर. हल्ली तो जुने अल्बम नव्यानं ऐकून मोबाइलवर त्यांच्याविषयी मराठीत व्हिडिओ काढायचा. ऐकणारेही बरे जमले होते.

कॉलेजात डोक्यावर घेतलेल्या एका अल्बमला त्यानं परवा पार झोपवलं. "ड्रमची झांजच न्हाई. नव्यानं काढलेल्या प्रतीत कापलीय," तो म्हणाला. आदिनाथ नावाच्या कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं, "दादा, झांज तर स्वच्छ ऐकू येते." बद्रीनाथनं सगळ्यांदेखत उत्तर ठोकलं, "आधी कान तपासून घे बे."

दुसऱ्या दिवशी तोच अल्बम लावून तो वायरी गुंडाळत होता. दारात भाजी निवडणारी विजयमाला, त्याची बायको, वैतागून म्हणाली, "अहो, हे चिस्स चिस्स काय वाजतंय? लई टोचतंय कानाला."

"कुठं वाजतंय?"

"हे काय. आता परत."

प्रत्येक ठोक्याला ती ताटलीवर बोट आपटत गेली. त्याला फक्त ताटली ऐकू आली.

वर्षानुवर्षं बॉक्सशेजारी उभं राहून त्याला असे बारीक आवाज ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनीही कान तपासून तेच सांगितलं.

त्यानं नवा व्हिडिओ काढला. "खोट अल्बमात न्हाई, माझ्या कानात हाय. आदिनाथभाऊ, माफ करा." बोलताना त्याला कॅमेऱ्याकडं बघवेना. आजवर नावं ठेवलेले बाकीचे अल्बम त्याला आठवत होते, आणि त्यांच्याविषयी आपण बोललेलं किती खरं होतं, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं.