सहा बटणं, सात काजं

कोर्टात मी एकतीस वर्षं टाइप केलं. साक्षीदार थापा मारायला लागला की माझ्या बोटांना आधी कळतं, असं मी घरी तोऱ्यात सांगायची. यजमान म्हणायचे, मग निकालही तूच देत जा की. असो. सांगायचंय ते आमच्या न्यायाधीश साहेबांबद्दल, आणि तेही ते वकील होते तेव्हापासून.

आरोपींचे वकील. सगळे त्यांना 'कात्री' म्हणायचे. वडील शिंपी होते म्हणून अर्धं, आणि साक्षीदाराचं बोलणं टराटरा कापायचे म्हणून अर्धं. भल्याभल्यांची भंबेरी उडवायचे. आम्हा कोर्टातल्या लोकांना तेवढीच करमणूक, खोटं कशाला बोलू?

एकदा भर दुपारी, भर चौकात एकाला भोसकलं. पाहणारी एकच, कोपऱ्यावर इस्त्रीचं टेबल लावणारी बाई. तिनं आरोपी ओळखला, त्याचा निळ्या रेघांचा शर्टही सांगितला. वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, शर्टाला बटणं किती होती? बाई म्हणाली, सात. शर्ट दिसला की बटणं मोजायची तिला सवयच होती. एखादं तुटलेलं असलं तर गिऱ्हाईक तिच्याच माथी मारणार ना. साहेबांनी जप्त केलेला शर्ट तिच्या हातात दिला. सहा निघाली. तिनं तीनदा मोजली.

"दिवसभर शर्ट हाताळता आणि सहा बटणं दिसत नाहीत," साहेब म्हणाले. "माणूस कसा दिसला तुम्हाला?"

कोर्ट हसलं. मीही हसले. आरोपी सुटला.

दोन वर्षांत साहेबांनी चालती वकिली सोडली, परीक्षा दिली आणि न्यायाधीश झाले. बायको म्हणे महिनाभर धड बोलली नाही. पुढे फिरत फिरत ते आमच्याच कोर्टात आले. एका दुपारी चहा घेताना आपणहून म्हणाले, "बाई, त्या शर्टाला बटणं सहा होती, पण काजं सात होती. सातवं बटण झटापटीत तुटलं असणार. सरकारी वकिलांनी काजं मोजलीच नाहीत. मी शिंप्याचा पोरगा, मला बघताक्षणी कळलं होतं." चहा तसाच राहिला.

न्यायाधीश म्हणून मात्र माणूस सोन्यासारखा. साक्षीदाराला खुर्ची द्यायचे, वकील खिदळला तर तिथल्या तिथे झापायचे. मला वाटलं, चला, फेडलं यांनी.

मग चौकीदाराची केस आली. तिघांनी मिळून त्याला मारून टाकलं होतं, त्याच चौकात. पाहणारी पुन्हा तीच इस्त्रीवाली. मी साहेबांना म्हटलं, ही केस दुसऱ्या कोर्टात पाठवा. ते म्हणाले, नको, मी समोर असलो तर तिला धीर देता येईल. मलाही ते पटलं. आमचं दोघांचंही डोकं चालेनासं झालं होतं, दुसरं काय.

चौकीदाराची बायकोही साक्षीदार, त्यामुळे आपली साक्ष होईपर्यंत ती बाहेरच्या बाकावर. इस्त्रीवाली आत आली. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, म्हणाले, घाबरू नका, पाहिलं तेवढंच सांगा. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात बोलली.

"साहेब, खरं सांगायला एकदा आले होते. तुम्ही चारचौघांत म्हणालात, हिला दिसत नाही. गिऱ्हाईकं वर्षभर मला बटणं मोजून दाखवत होती. आता मला काही दिसत नाही."

आमच्याकडे साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश त्याचं बोलणं 'मी' लावून मला सांगतात. मी तेवढंच टाइप करते. त्यांनी जे सांगितलं नाही ते कागदावर येत नाही.

साहेबांनी समोरचे कागद सरळ केले. मग मला टाइप करायला सांगितलं, "मी घटना पाहिलेली नाही."

मी थांबले. वाटलं, पुढचंही सांगतील. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं. सही घ्या." मी टाइप केलं. तिनं न वाचताच सही केली.

पुराव्याअभावी तिघंही सुटले. निकालानंतर चौकीदाराची बायको साहेबांपुढे हात जोडून उभी राहिली. म्हणाली, साहेब, तुमचा काय दोष, पुढ्यात आलं तेच तुम्ही लिहिणार. पण त्या इस्त्रीवालीचं कधी भलं व्हायचं नाही. साहेब खुर्चीतून अर्धे उठले, "बाई..." म्हणाले आणि आत निघून गेले.

आठवड्यानं चौकीदाराची बायको कागदांची नक्कल न्यायला माझ्या टेबलाशी आली. इस्त्रीवालीच्या साक्षीतली ती ओळ शोधून तिनं बोट ठेवलं.

"हेच बोलली ना ती? एवढंच?"

"हो," मी म्हटलं. "एवढंच."