सुकरामची तोंडी परीक्षा

आमच्या जंगलगेटवर इंग्रजीचा माझ्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही. सातवी मी तीनदा केली, म्हणजे वर्षं मोजली तर नववी झाली! मास्तरांनी मात्र वर्षं न मोजता मार्क मोजले, आणि माझ्या हातात ट्रकचं स्टिअरिंग आलं.

आता म्हातारपणी सफारीची जिप्सी चालवतो. शेजारी गाइड, मागे पाहुणे. किस्से म्हणजे जिप्सीतली धूळ. झटकली की वाटतं गेली, आणि सीट उचलली की खाली पायलीभर निघते.

त्यातही हे इंग्रजीचे किस्से नव्या साहेबांच्या कृपेनं जमले. साहेबांनी फर्मान काढलं, "गर्दीच्या सीझनच्या आधी सगळ्या गाइड लोकांची इंग्रजीत तोंडी परीक्षा. नापास होईल त्यानं जिप्सीतून उतरायचं आणि वणवा अडवायच्या जाळरेषेचं गवत कापायला जायचं."

बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. सुकरामनं फक्त तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला. सोळा वर्षांपासून तो माझ्या शेजारच्या सीटवर बसतो. पानावरचं दव पाहून सांगतो, इथून कोण गेलं आणि किती वेळापूर्वी. पण बोलणं? मराठीतच दिवसाला दहा शब्द. इंग्रजीत कुठून आणणार?

* * *

शिकवायला आली प्रज्ञा. गावचीच पोरगी, इंग्रजीत एम.ए. सकाळची फेरी संपली की दुपारची सुरू होईपर्यंत माझ्या बायकोच्या चहाटपरीपुढे मोहाच्या झाडाखाली वर्ग भरायचा. तेवढा वेळ तिला मॅडम म्हणायचं. परीक्षा गाइड लोकांची होती. मी आपला फुकटात, खोड्या काढायला.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सी म्हणजे आपोआप दिसतं ते. लुक म्हणजे आपण मुद्दाम मान वळवून पाहतो ते. आणि वॉच म्हणजे नजर लावून बसणं."

मी लगेच हात वर केला. "समजलं मॅडम! पोरगी पाहायला गेलो तेव्हा मी लुक केलं. लग्न झाल्यावर सी केलं. आणि आता चाळीस वर्षांपासून ती मला वॉच करून राहिली."

सगळे खिदळले. टपरीतून चहाची गाळणी आपटल्याचा आवाज आला.

"अन् पाहाले आले तवा मी डोये मिटून होती, त्याले इंग्रजीत काय म्हंतेत? इचारा मॅडमले!"

मॅडमनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

* * *

आमचा दुसरा गाइड फागूलाल बोलण्यात एकदम पक्का. जंगलात सांबर ओरडलं की इंजिन बंद करून कान लावायचा, हा आमचा नियम. मॅडमनी त्याला शिकवलं होतं, "हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं."

दुसऱ्याच दिवशी नागपूरचं एक कुटुंब घेऊन निघालो. सुकराम सुट्टीवर, म्हणून फागूलाल माझ्या शेजारी. वळणावर त्यानं हात दाखवला. मी इंजिन बंद केलं. हा उभा राहिला आणि म्हणाला, "सायलेन्स! लिसन!"

आणि मग सुरू झाला. सांबर काऊन ओरडतं, कुठं ओरडतं, त्याच्या आज्यानं कसं ऐकलं, नदीपलीकडचं सांबर आणि अलीकडचं सांबर. मध्ये दोनदा सांबर खरंच ओरडलं!

मागची बाई नम्रपणे म्हणाली, "दादा, आम्ही मघापासून तुमचंच लिसन करतोय. आता जरा त्याला चान्स द्या ना!"

* * *

या फागूलालला मी एकदा फसवलंय, तेही सांगून टाकतो.

भर दुपारी बंगळूरूचं एक जोडपं गेटवर आलं. त्यांना ना मराठी, ना हिंदी. गेट उघडायला अजून वेळ होता. त्यांना थांबा म्हणायचं होतं. फागूलाल माझ्याकडे आला, "काका, वेट म्हनू का?"

"छे! वेट म्हणजे दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसायचं ते. मोठ्या माणसाला स्टे म्हण. त्यात मान आहे."

फागूलालनं छातीवर हात ठेवून, आपल्या घराकडे बोट दाखवत म्हटलं, "प्लीज स्टे!" त्याच्या मनात होतं, ओसरीत सावलीला बसा.

जोडप्यानं आनंदानं गाडीतून चार बॅगा काढल्या.

दोन दिवस राहिले! फागूलालच्या आईनं भात, वरण, मासोळीचा रस्सा करकरून त्यांना खाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी निघताना बाई म्हातारीच्या गळ्यात पडली. फागूलाल मला शोधत आला. मी म्हटलं, "आता निरोपाला काय म्हणायचं, ते सांगू का?"

"नोको काका! तुमी सांगसाल अन् थे पुन्हा बॅगा उतरवतीन. मी नुसते हात जोडतो!"

* * *

कविता आमच्या गेटवरची पहिली बाई गाइड. तिच्या गाडीत एकदा एक गृहस्थ बसले. दोन तासांत हरणं, मोर, अस्वलाची विष्ठा, सगळं झालं. ते मात्र फुगलेले. फेरी संपल्यावर तक्रारवही मागितली, पेन काढलं आणि इंग्रजीतून कडाडले, "तुम्हाला काहीच कसं सापडत नाही?"

कविता आदल्याच दिवशी शिकून आली होती. सावकाश म्हणाली, "सर, सर्च इज माय वर्क. फाइंड इज हिज मर्जी." आणि जंगलाकडे बोट केलं.

गृहस्थांनी पेन खिशात ठेवलं आणि चहा मागितला.

* * *

आता सुकराम.

महिनाभर तो मोहाच्या बुंध्याला टेकून बसला, एक शब्द न बोलता. परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडम से आणि टेल शिकवत होत्या. "से म्हणजे तोंडातून शब्द काढणं. टेल म्हणजे समोरच्याला कळवणं."

सुकरामनं पहिल्यांदा हात वर केला. आम्ही सगळे वळून पाहायला लागलो.

"मॅडम, तोंड न उघडता टेल करता येते का?"

मॅडमनी जरा विचार केला. "त्याला कळलं, तर आलं."

"मंग ठीक हाय," म्हणाला आणि पुन्हा टेकून बसला.

मला काळजी वेगळीच होती. साहेबांना जंगलात फिरून परीक्षा घ्यायची होती, आणि सुकराम गेटच्या आत 'त्याचं' नाव घेत नाही. त्याचा बाप घेत नव्हता, आजा घेत नव्हता. नाव घेतलं की तो निघून जातो, असं त्यांच्यात मानतात. फागूलालनं त्याला समजावलं, "अरे, इंग्रजीतलं नाव घे ना गा! त्याले का समजते?"

सुकराम म्हणाला, "थो सोळा वर्षापासून गाइडायची इंग्रजी आयकून राह्यला. तुयापेक्षा जास्त येते त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मागे साहेब आणि फॉर्म घेऊन प्रज्ञा मॅडम, पुढे आम्ही दोघं.

"स्टार्ट," साहेब म्हणाले.

सुकरामनं डॅशबोर्डवर दोन टिचक्या मारल्या. म्हणजे थांब. मी थांबलो. त्यानं धुळीतले ताजे ठसे दाखवले, मग पुढचं वळण.

"इंग्लिश!" साहेब म्हणाले.

सुकरामनं झाडावरचं वानर दाखवलं. ते एकाच दिशेला टक लावून बसलं होतं. सुकरामनं साहेबांची मान, हो, साहेबांची मान हातानं धरून त्या दिशेला वळवली! मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, गेला. आता गवत कापतो.

"आय सेड, स्पीक!"

सुकरामनं ओठावर बोट ठेवलं आणि तळहात आडवा केला. मी इंजिन बंद केलं.

बांबूचं बेट हललं. आणि तो बाहेर आला. सावकाश, रस्त्याच्या मधोमध. आमच्यापासून दहा पावलांवर बसला. पंजा चाटायला लागला. मी सोळा वर्षांत इतका जवळून पाहिला नव्हता.

साहेब ताडकन उभे राहिले.

"टायगर! टायगर!!"

एक उडी, आणि रस्ता रिकामा. बांबू तेवढा हलत राहिला.

मग साहेब खाली बसले, मॅडमच्या हातातला फॉर्म घेतला आणि पेन उघडून म्हणाले, "हे बघ सुकराम, सगळ्या फेरीत तू एक शब्द बोलला नाहीस. मी तुला पास कसं करू?"

सुकराम मागे वळला.

"साहेब, टेल मी केलो. से तुमी केले. अन् मंगच थो गेला."