रोज पाचला जाणारा मेसेज

लोकांना वेबसाइट आणि स्क्रिप्ट करून देणाऱ्यांकडे किस्से साठतात ते डाउनलोड फोल्डरसारखे. कधी उतरले ते कळत नाही, आणि पुसायचे म्हटलं तर हात धजत नाही! माझी स्वतःची एक छोटी साइट आहे. तिच्यावर मी टिपा लिहिते. घरच्या घरी वेबसाइट कशी करावी, रोजची कंटाळवाणी कामं कॉम्प्युटरकडून परस्पर कशी उरकून घ्यावीत, असं सगळं. टिपा दोन-दोन ओळींच्या. ज्यांच्यामुळे त्या सुचल्या ती माणसं मात्र साइटवर नाहीत. ती वडगावला असतात, रफिकभाईंच्या दुकानात.

रफिकभाईंचं दुकान म्हणजे कचेरीजवळचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्जांचं. मी तळेगावात घरून नोकरी करते. एकदा माझा प्रिंटर बिघडला म्हणून तिथे गेले, आणि तेव्हापासून दर शनिवारी जाते. तिथे आमचा कट्टा जमतो.

कोपऱ्यातल्या स्टुलावर दामूआबा असतात. कामशेतच्या पुढे त्यांचं गाव. भातशेती आहे, घरात एकटेच. मुलगा सचिन जर्मनीत, माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला. बरीच वर्षं आलेला नाही. रोज पाचला आबा त्याला मेसेज पाठवतात, "जेवलास का?" तिकडे तेव्हा दुपार असते. साडेपाचला उत्तर येतं, "व्हय आबा, जेवलो. तुमी?"

झालं, एवढंच. पण आबांचा सगळा दिवस त्या एका ओळीची वाट बघण्यात जायचा. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून साडेपाच वाजत आले की दुकानात कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

* * *

सुरुवात रफिकभाईंपासून झाली. त्यांचा डेस्कटॉप म्हणजे भरलेला आठवडे बाजार. फायलीच फायली! मागे लोहगडाचा फोटो होता, तोही धड दिसत नव्हता. मी म्हटलं, "भाई, जरा उठा, मला बसू द्या." एक स्क्रिप्ट लिहिली, चालवली. सगळ्या फायली तारखेप्रमाणे फोल्डरांत गेल्या, डेस्कटॉप चकाचक. मी स्वतःवरच खूश!

सोमवारी सकाळी फोन. "ताई, दुकान लुटलं हो!"

"काय झालं?"

"कोर्टाचे कागद गडाच्या विंचूकाट्यावर होते. सातबारे महादरवाज्यापाशी. उत्पन्नाचे दाखले तळ्याच्या काठाला. आता नुसता गड उरलाय!"

माणसाने अख्खा धंदा गडाच्या फोटोवर मांडला होता! गिऱ्हाइकाने सातबारा म्हणायचा अवकाश, भाईंचा हात आपोआप दरवाज्याकडे जायचा. मी फायली परत बाहेर काढून दिल्या, पण कोण कुठे बसलेलं होतं ते ना मला ठाऊक, ना कॉम्प्युटरला. भाईंनी गडाचा फोटो काढून टाकला. आता तिथे साधा निळा रंग आहे. कुणी जुनं काम विचारलं की ते क्षणभर त्या निळ्याकडे बघत बसतात. मला फार वाईट वाटतं.

त्यावरची टीप माझ्या साइटवर आहे: दुसऱ्याचा पसारा आवरायच्या आधी तो पसाराच आहे ना, हे त्याला विचारा.

* * *

सुमनमावशींची लोहगडवाडीत पिठलं-भाकरीची टपरी आहे. शनिवारी त्या बाजाराला वडगावला येतात आणि येताना आम्हाला भाकऱ्या आणतात. त्यांच्या टपरीची वेबसाइट मी हौसेने केली. चुलीचा फोटो, रस्त्याचा नकाशा, सगळं छान. मावशींनी ती नीट बघितली आणि म्हणाल्या, "यात भाकरी संपली असं लिव्हायला कुटं जागा हाय?"

"मावशी, वेबसाइट गिऱ्हाईक यावं म्हणून असते!"

"व्हय, पन लोकं एवढी चालून आल्यावर न्हाई म्हनायला मला लाज वाटती."

म्हणून मी एक बटण दिलं. दाबलं की साइटवर मोठ्या अक्षरांत 'आज भाकरी संपली', पुन्हा दाबलं की 'भाकरी तयार आहे'. मोबाइलवरून करायचं. मावशी खूश.

पाऊसकाळ सरला, तेव्हा एकदा मी विचारलं, "कसा गेला सीझन?"

"धंदा कमीच झाला. पन यंदाची लोकं लय समजूतदार! येत्यात, च्या घेत्यात, मक्याचं कनीस खात्यात. भाकरी कुनी मागतच न्हाई."

मी मोबाइल काढला. तिथेच साइट उघडली. 'आज भाकरी संपली.' पहिल्याच गर्दीच्या रविवारी मावशींनी बटण दाबलं होतं आणि परत दाबायचं राहून गेलं होतं. अख्खा सीझन! मी खालच्या आवाजात त्यांना सांगितलं. मावशींनी आधी ते बटण दाबलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे. मला वाटलं व्हतं, लोकं सुधरली."

* * *

लोणावळ्याच्या पवारांचा किस्सा छोटा आहे. त्यांचं होमस्टे आहे. त्यांना साइटवर धुकं पाहिजे होतं. फोटोतलं नको, हलणारं! मी करून दिलं. पान उघडलं की डावीकडून उजवीकडे धुकं सरकतं, मागून घर हळूच दिसतं. बघणारा वेडा व्हावा असं जमलं होतं, माझं मीच म्हणते.

मे महिन्यात एक कुटुंब आलं आणि गच्चीवर खुर्च्या टाकून बसलं. संध्याकाळी त्यांनी पवारांना बोलावून घेतलं, "धुकं किती वाजता सोडता?"

जाताना ते अभिप्राय लिहून गेले: "जेवण उत्तम, माणसं प्रेमळ. धुकं फक्त वेबसाइटवर." पवार तो अजून सगळ्यांना वाचून दाखवतात. हसतात, पण मला धुकं काढून टाकायला लावलंच. मी केलेल्या कामांतलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

* * *

इनामदार सर तळेगावचे, शाळेतून निवृत्त. कविता करतात. त्यांना कवितांची साइट करून दिली, आणि खाली किती वाचक आले ते दाखवणारा काउंटर लावला. पहिले काही दिवस नातेवाईक आले, मग कोणी फिरकेना. आणि एका शनिवारी सर दुकानात आले ते तरंगतच!

"एक रसिक मिळालाय. दर तासाला येतो. पहाटेसुद्धा! एकही दिवस चुकवत नाही."

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "मानूस रोज येतोय म्हंजी जीव लागला आसंल त्याचा."

साइट चालू आहे की बंद पडली, हे तपासायला मी एक स्क्रिप्ट लावली होती. ती दर तासाला पान उघडून बघायची. सरांचा रसिक म्हणजे ती!

सांगायचा धीर झाला नाही. घरी जाऊन मी गुपचूप दुरुस्ती केली, स्क्रिप्टची भेट मोजायची नाही अशी. काउंटर जागच्या जागी थांबला. दोन शनिवार सर दुकानात काउंटर उघडून बघत बसले. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "गेला वाटतं तो. वय झालं असेल."

त्या आठवड्यात साइटवर नवी कविता आली, न भेटलेल्या वाचकाला निरोप देणारी. खरं सांगते, त्यांची सगळ्यात चांगली कविता ती आहे. मी ती वाचली. काउंटर एकने वाढला.

* * *

आता आबांचं.

लावणीचे दिवस होते. पाचला आबा चिखलात असायचे आणि मोबाइल घरात. हात धुऊन, चष्मा शोधून, एका बोटाने 'जेवलास का' टाइप करेपर्यंत सहा वाजायचे. तोवर सचिन मीटिंगमध्ये, मग उत्तर राहून जायचं आणि आबा रात्रभर कूस बदलत राहायचे. एका शनिवारी ते मला म्हणाले, "पोरी, तू एवढी हुशार, आसं कायतरी कर की रोज पाचला ते आपलं आपून जाईल."

सचिनने जाण्याआधी घेऊन दिलेला कॉम्प्युटर घरी होताच. मी गावी जाऊन दहा ओळींची स्क्रिप्ट बसवली. रोज पाचला मेसेज, परस्पर! कट्ट्यावर माझं केवढं कौतुक झालं. रफिकभाईंनी सगळ्यांना चहा पाजला.

महिन्याभराने आबा पुन्हा माझ्याजवळ सरकले. "त्यात जरा मागंपुढं करता येतं का?"

"म्हणजे?"

"रोज टायमाला जातंय. पोराला वाटंल बापानं मशीन लावलंय."

आम्ही सगळे हसलो. मी बदल केला. मग मेसेज कधी पाचला, कधी सव्वापाचला, कधी पाचच्याही आधी जायचा, हाताने टाइप केल्यासारखा. आबा निर्धास्त झाले. उत्तर मात्र तेव्हापासून रोज साडेपाचच्या ठोक्याला. "पोरगं टायमाचं पक्कं!" आबा सांगायचे. "जर्मनीत ऱ्हाऊन शिस्त लागली."

हसत होतो आम्ही तेव्हा. मी रोज हेच काम करते, तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

यंदा पावसात आबांच्या गावाकडे वादळाने विजेचे खांब पडले. बुधवारपासून लाइट नाही, म्हणजे कॉम्प्युटरही बंद. शनिवारी आबा दुकानात आले ते बंद पडलेला मोबाइल हातात घेऊनच. रफिकभाईंनी तो इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावला.

"तीन दिस झालं, माजा मेसेज न्हाई गेला," आबा म्हणाले. "पोरगं काळजीत आसंल. त्याला वाटंल म्हातारं गेलं."

सुमनमावशींनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. "खा आबा. तोंड बगा कसं सुकलंय."

"पोराचं कळू दे. मंग खातो."

मोबाइल चालू झाला. टिंग. टिंग. टिंग. आबांनी चष्मा लावला आणि वाचलं.

'व्हय आबा, जेवलो. तुमी?' बुधवारचं. 'व्हय आबा, जेवलो. तुमी?' गुरुवारचं. शुक्रवारचंही तेच.

आबांनी मान वर केली. "मी तर इचारलंच न्हाई."

इनामदार सर खिडकीबाहेर बघायला लागले. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "नेटचं असं होतं आबा. जुने मेसेज अडकतात, मग मागनं येतात. होय ना, ताई?"

"हो," मी म्हटलं. "होतं असं."

आबांनी 'हूं' केलं. मग मोबाइल मांडीवर घेतला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. मी मदतीला वाकले, तर त्यांनी हात आडवा केला. वेळ लागला, पण त्यांचं त्यांनीच लिहिलं: 'आज काय खाल्लंस?' पाठवलं, आणि मोबाइल तसाच हातात धरून बसले.

झेरॉक्सला एकजण आला होता, त्याला भाईंनी खुणेनेच थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघत होते. साडेपाच वाजले.

टिंग.

आबांनी वाचलं. मग स्क्रीन आमच्याकडे फिरवली.

'व्हय आबा, जेवलो. तुमी?'

आबांनी मोबाइल परत मांडीवर घेतला आणि पुन्हा एका बोटाने लिहिलं: 'मीबी जेवलो.' पाठवलं. भाकरी पुढ्यात तशीच होती.

मोबाइल अंगातल्या कोपरीच्या खिशात घालून ते उठले. दारापाशी थांबले आणि मागे वळून मला विचारलं,

"पोरी, लाइट आली की आपलं आपून सुरू व्हतं, का तुला यावं लागंल?"