उंट पाणी पिईना

लोणंदच्या बाजारातून सांगलीपर्यंत उंट चालवत आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला बैलसुद्धा धड हाकता येत नव्हता. मी घाटाखालचा. आमच्याकडे पाणी इतकं, की चार महिने चुलीतली लाकडंसुद्धा ओली असतात, आणि जनावर म्हणजे दारातली एक बुटकी गाय. शाळा मी तिसरीत सोडली. त्यामुळे वाळवंट ज्या इयत्तेत शिकवतात तिथवर मी पोचलोच नाही.

सांगलीत मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. त्यांची एक लॉरी माधवनगरच्या गिरण्यांना कापसाच्या गाठी पोचवायची. मी लॉरीबरोबर जाई, ताडपत्री घाली, दोर आवळी. पहिल्याच वर्षी मला विषमज्वर झाला. मालकीणबाईंनी एकवीस दिवस पेज करून घातली, आणि रोज विचारलं, "तुमच्याकडच्यासारखी झाली का रे?" ती तशी होत नव्हती, पण मी रोज "झाली" म्हणालो, आणि अजून कुणी विचारलं तरी तेच म्हणेन. तेव्हापासून त्या घरातली कपबशी हातात आली की ती फुटेल या भीतीनं मी ती दोन्ही हातांनी आवळी, आणि आवळली की ती निसटून फुटे. त्यावरही कुणी रागावलं नाही. त्यामुळे भीती आणखीच वाढली.

मग लढाई आली आणि पेट्रोल गेलं. लॉरी विटांवर उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या जागेवर शेजारची कोंबडी अंडी घालू लागली. मालकांना कुणीतरी सांगितलं, की सिंधकडे उंट गाडी ओढतो, आणि लोणंदला मेंढरं-उंट घेऊन फिरणारे लोक उतरलेत. मालकांनी मुकादमाला पाठवलं आणि सोबतीला मला.

मुकादम बैलांचा पारखी. त्यानं उंटाचीही बैलासारखीच परीक्षा मांडली. दात बघितले, शेपूट ओढली, आणि अंगावर केसांचा वाईट भोवरा कुठं आहे का ते शोधत मानेपर्यंत आला. तिथं उंटानं त्याचा पटका उचलला आणि चघळायला घेतला. मुकादम म्हणाला, "भोवरा न्हाई. सुलक्षणी हाय." व्यवहार झाला.

रेल्वेच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सगळे लष्कराकडे, उंटाला कोण देणार. तेव्हा मुकादम गाडीनं परत आणि मी उंटासकट पायी, असं ठरलं. उंटवाल्यानं मला 'झैऽ झैऽ' म्हणत त्याला बसवायला शिकवलं. पाण्याचं काय, म्हणून मी ओंजळ करून विचारलं, तर तो नुसता हसला आणि हात झटकून मोकळा झाला. गाडी सुटताना मुकादम खिडकीतून म्हणाला, "नीट आण रं. ह्याला वाटंत काय झालं तर सांगलीला येऊ नगस, तसाच खाली कोकणात उतर."

तो चेष्टेनं म्हणाला असेल. पण मला पुढचे सात दिवस ते वाक्य उंटापेक्षा जड झालं.

पहिल्याच मुक्कामी मी विहिरीवरून बादली आणून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं वाकून वास घेतला, मान वर केली आणि लांब कुठंतरी बघत राहिला. लग्नघरी वाढपी दुसऱ्यांदा आल्यावर एखादा खानदानी पाहुणा बघतो तसा. दुसऱ्या दिवशी तेच. मी बादली बदलली. गूळ घातला. गूळ घातलेलं पाणी शेवटी मीच प्यालो.

खाण्याचं मात्र उलट. रस्त्याच्या कडेला बाभळ दिसली की तो सोडत नसे. बोटभर लांब पांढरे काटे, आणि हा ते दुभंगलेल्या ओठानं असे अलगद ओढून चावे, की मला माझ्याच जिभेवर रक्त आल्यासारखं वाटे. एका शेतकऱ्यानं दया येऊन उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं पुढं टाकलं. उंटानं वाडं हुंगून सोडलं आणि शेताचं कुंपण खायला घेतलं.

"आरं कोकण्या," तो शेतकरी म्हणाला, "तुझा पाव्हणा ताट सोडून भित खातोय."

साताऱ्याच्या अलीकडे लष्करी लॉऱ्यांची रांग आली. धूळ अशी उठली, की मी धोतराचा सोगा तोंडावर घेऊन रस्त्यातच बसलो. डोळे किलकिले करून वर पाहिलं, तर उंटानं नाकपुड्या बटव्याची नाडी ओढावी तशा मिटून घेतल्या होत्या. डोळ्यांवर पापण्यांच्या दोन दोन झालरी. धूळ बसल्यावर त्यानं नाक उघडलं आणि आपण निघायचं का, अशा थाटात माझ्याकडे पाहिलं. मी पुढं अर्धा मैल खोकत होतो.

साताऱ्यात सगळ्यांनी सांगितलं, की खडीचा रस्ता आहे, पायाला नालाच्या पत्र्या मारून घे, नाहीतर जनावर लंगडेल. मला पटलं. नालबंदाकडे गेलो, तो एक बैल आडवा पाडून पत्र्या मारत होता. उंट बघून तो उठला. मोठ्या हिमतीनं त्यानं उंटाचा पुढचा पाय दुमडून उचलला, तळवा बघितला, अंगठ्यानं दाबला, आणि मला बोलावलं.

"बघ. ह्यो खूर हाय व्हय? ही भाकरी हाय. भाकरीला खिळा कुटं मारू?"

"मग हा चालेल कसा?"

"आतापतूर कसा आला?"

मी म्हणालो, "चालत."

"मग झालं तर," म्हणून तो आपल्या बैलाकडे गेला. त्या गादीसारख्या पायाचा वाळूत काय उपयोग होत असेल ते मला त्याच दिवशी कळलं. ओढ्याच्या रेतीत माझे पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि माझ्या दसपट वजनाचा हा प्राणी वरच्या वर तरंगल्यासारखा निघून गेला.

पण पाण्याचं काही सुचेना. चौथ्या दिवशी तर मला त्याचं वशिंडही एका बाजूला कललेलं दिसू लागलं. कराडच्या अलीकडे एका वस्तीवर दुपारी थांबलो, आणि माझा चेहरा बघूनच माणसं गोळा झाली.

"किती दिस पानी प्यालं न्हाई?" एकानं विचारलं.

"चौथा दिवस."

"आन् तू काय करतुयास?"

"मी पितो," मी म्हणालो. खरंच तसं होतं. काळजीनं घसा सुके आणि त्याच्या वाट्याचं पाणी मीच संपवी.

तिथं सुट्टीवर आलेला एक हवालदार होता. लढाईवरून, मिसरच्या म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातून आलेला, म्हणून वस्तीत त्याचा शब्द मोठा. त्यानं उंटाभोवती एक फेरी मारली. "आमी असलं लय बघितलं. ह्या वशिंडात वॉटर टँक आसतो. टँक कलंडलाय, म्हंजे लीक हाय."

"मग पाचर ठोका की, हवालदार," मागून कुणीतरी बोललं.

दुसऱ्या एकाचं म्हणणं, की हा खांदा उतरलाय. बैलाचा जुवानं उतरतो तसा. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, कारण उपाय ठाऊक होता. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेल लावून मळतात, तशी खांदमळणी उंटाची करायची, आणि मग बांबूच्या नळकांड्यानं ताक पाजायचं. मी काय म्हणणार? परक्या मुलखात चार माणसं आपल्यासाठी हळद कालवतायत, हेच मला भरून येण्यासारखं होतं.

मी 'झैऽ झैऽ' करून उंटाला बसवलं. मळणी करायला हवालदाराची आई आली. वस्तीतल्या बैलांचे खांदे दर बेंदराला तीच मळायची. तिनं वाटीभर हळद-तेल त्या वशिंडावर ओतलं आणि दोन्ही हातांनी कणीक मळावी तसं मळायला लागली. मळता मळता थांबली.

"आरं, ह्यात पानी न्हाई. पानी आसतं तर हाताखाली डुचमळलं आसतं. ही नुस्ती चरबी हाय."

"आये, तू मिसरात गेलीवतीस का?" हवालदार म्हणाला.

"मी न्हाई गेले. पन तू तरी कवा ह्याच्या पाठीला हात लावलास? लारी चालवत बघितलं आसशील लांबनं."

तो लॉरीवरच होता, हे वस्तीला ठाऊक होतं. हसणं थांबेना. मला एकदम सांगलीजवळच्या हरिपूरचं, जमिनीत खोदलेलं हळदीचं पेव आठवलं. सुगीला भरून ठेवायचं आणि अडीअडचणीला काढायचं. या प्राण्यानं आपलं पेव पाठीवर घेतलं होतं एवढंच. अंगभर चरबी पसरली असती तर उन्हात उकडून मेला असता.

हवालदारानं अब्रू राखायला ताकाचं नळकांडं स्वतः हातात घेतलं. उंटानं ते तोंडात घेऊ दिलं, क्षणभर विचार केला, आणि पोटातला सगळा बाभळीचा रवंथ ताकासकट त्याच्या लष्करी शर्टावर टाकला. शर्ट हिरवाच होता, पण हा हिरवा वेगळा होता.

"ह्यो दुश्मनाकडचा हाय," एवढंच बोलून हवालदार आंघोळीला गेला.

त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायला त्याच्या बायकोनं जे केलं, त्यानं माझा प्रश्न सुटला. उंटानं नुकत्याच टाकलेल्या लेंड्या तिनं सुपात गोळा केल्या, आणि गंमत म्हणून एक चुलीत घातली. ती पेटली. मग दुसरी घातली आणि सासूला हाक मारली.

"आत्याबाई, ह्या बघा. गोवरीला आठ-आठ दिस ऊन दावावं लागतं. ह्या आत्ता पडल्या आन् आत्ता पेटल्या."

म्हातारीनं एक लेंडी बोटात फोडून बघितली. आत वाळल्या भुश्शासारखं कोरडं. मग ती माझ्याकडे वळली. "लेकरा, ह्याला घाम आलेला बघितलास कवा?"

मी आठवून पाहिलं. चार दिवस तो उन्हात चालत होता. माझा सदरा तीनदा भिजून वाळला, त्याचं अंग होतं तसंच कोरडं.

"आन् खातोय काय? हिरवा पाला. पाल्यात पानीच की रं. आत आलेला थेंब ज्यो शेनातबी सोडत न्हाई, त्यो तहानंनं मरतोय व्हय? त्याला तहान लागलीच न्हाई. तू हो पुढं."

मी तिच्या पाया पडलो. तिचे हात हळदीचे होते. तिनं ते माझ्या डोक्यावर ठेवले, आणि मी तसाच पिवळा पुढं निघालो. उंटही पिवळा होता. कराडात लोकांना वाटलं, कुणाची तरी वरात चुकलीय.

पटलं होतं, पण पटणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. सातव्या दिवशी सांगलीत शिरलो. मालक, मालकीणबाई, मुकादम, सगळे दारात. मालकीणबाईंनी घागर आणून उंटापुढं धरली. त्यानं वास घेतला आणि लांब बघायला लागला.

"शेवटचं पाणी कधी पाजलंस?" मालकांनी विचारलं.

खोटं बोलावं असं मनात आलं. पण त्या पेजेनंतर या घरात दुसरं खोटं बोलायला जीभ वळेना. "एकदाही नाही, मालक. लोणंदपासून."

मुकादमानं कपाळाला हात लावला. मी खिशातून लेंडी काढली, काडी ओढली आणि दारातच पेटवून दाखवली. माझं शास्त्र तेवढंच होतं. मालकांनी वाकून त्या जाळावर हात धरून पाहिला. मग म्हणाले, "दोन दिवस बघू."

दोन दिवस काय होणार, ते न विचारताच मी माझी वळकटी बांधून ठेवली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून लॉरीच्या दोरानं बांधली. सांगलीत त्याला बाभळ मिळाली नाही. मुकादमानं वाळका कडबा टाकला, तो त्यानं मुकाट खाल्ला. पहिल्या दिवशी रिकामी गाडी ओढली, दुसऱ्या दिवशी गाठी घेऊन माधवनगरला जाऊन आला. पाण्याकडे बघितलं नाही. मालकीणबाई दर तासाला घागर घेऊन येत. कोकणची वाट अजून आठवतेय का, हे मी मनातल्या मनात तपासून पाहत होतो.

दोन दिवस वाळक्या कडब्यावर काढून तिसऱ्या दिवशी सकाळी तो आपण होऊन आडाजवळच्या दगडी डोणीकडे गेला, तोंड बुडवलं आणि प्यायला लागला. घोट दिसत नव्हता. पाण्याची पातळीच खाली जात होती. डोण रिकामी झाली. मुकादमानं शेंदून भरली. तीही गेली. मुकादमाच्या पाठीला घाम फुटला. "आवं मालक, ह्ये थांबतंय का न्हाई?"

मालक ओट्यावरून उतरून खाली आले. "एका पोहऱ्यानं भागायचं नाही. दुसरी बादली लाव. दोर कुठाय?"

घरात दुसरा दोर मोकळा नव्हता. मी धावत खोलीत गेलो, वळकटी सोडली आणि तिचा दोर घेऊन आलो.