मुदत तीन वर्षांची

परळच्या एका इमारतीत लिफ्ट कोसळली आणि साफसफाईचं काम करणारी डिलाईल रोडची एक बाई जागीच गेली. ती घटना माझ्या मनातून अजून जात नाही. लिफ्टची देखभाल एका बड्या कंपनीकडे होती. आम्ही गुन्हा नोंदवला, पंचनामा केला आणि दुरुस्तीचे जुने कागद मागितले. "दोन दिवसांत देतो," असं उत्तर मिळालं.

दुसऱ्याच दिवशी शिवडीहून खबऱ्याचा फोन आला. "साहेब, त्या कंपनीच्या गोदामातून खोके चाललेत. रद्दी म्हणतात. एक टेम्पो गेलासुद्धा."

आम्ही पोहोचलो तेव्हा दुसरा टेम्पो भरत होता. तो अडवला. पहिल्या टेम्पोतल्या कागदांचा, आम्ही कागदगिरणी गाठेपर्यंत, लगदा झाला होता.

मॅनेजरला ठाण्यात बोलावलं. चेहरा अगदी शांत. "साहेब, कंपनीचं धोरणच आहे. तीन वर्षांवरचं काही ठेवत नाही. सगळं नियमाप्रमाणे झालंय."

बाई मेली, आणि हा मला नियम सांगतोय! राग गिळला. गोदाम मी स्वतः पाहिलं होतं. दिवाळीच्या भेटवस्तूंच्या, पार्ट्यांच्या बिलांचे तीन वर्षांहून कितीतरी जुने खोके तिथे धूळ खात पडले होते. टेम्पोत मात्र फक्त दुरुस्तीचे कागद.

"मग ती बिलं का ठेवलीत?" मी विचारलं. त्याने वकिलाला फोन लावला.

मग कंपनीचं दफ्तर सांभाळणाऱ्या बाईंना जबाबासाठी बोलावलं. दादरच्या, त्याच नोकरीत केस पिकलेल्या. महिला हवालदाराने पाणी दिलं, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"असं धोरण नव्हतंच, साहेब. अपघाताच्या संध्याकाळी मीटिंग झाली. डायरेक्टरांनी मला विचारलं, त्या लिफ्टच्या ब्रेकची तक्रार कधीची? म्हटलं, चार वर्षं झाली. तर म्हणाले, मग मुदत तीन वर्षं ठेवा. मागची तारीख घालून टाइप करा."

"केलंत?"

"केलं. तेव्हापासून घास उतरत नाही."

पुरावा नष्ट केल्याचं कलम लावून डायरेक्टर आणि मॅनेजर दोघांना अटक केली. जामीन लगेच मिळाला. नोकरी गेली ती बाईंची. पण उलटतपासणीत त्या तसूभर हलल्या नाहीत आणि दोघांना शिक्षा झाली.

आता कंपन्यांची माणसं मला विचारतात, कागद किती वर्षं ठेवायचे? गोदामाचं भाडं परवडत नाही म्हणे! मला आजही संताप येतो. मी सांगतो, ज्या यंत्रात माणसं चढतात त्याचे कागद ते यंत्र चालू असेपर्यंत ठेवा, आणि हा नियम यंत्र बसवतानाच लिहून टाका. प्रेत शवागारात असताना मुदत ठरवायला बसलात, तर पुढची तारीख कोर्ट देईल.